दफ्तरदारांची मशीद

क्रीट बेटावरच्या हेराक्लिओन शहरात, सिंहांच्या कारंज्यासमोर नगरपालिकेचं कलादालन आहे. वास्तू मात्र सेंट मार्कच्या चर्चची. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी ती १२३९ मध्ये बांधली. त्यांचे काही ड्यूक तिथंच दफन झाले.

२१ वर्षांच्या वेढ्यानंतर १६६९ मध्ये शहर उस्मानी फौजेच्या हाती आलं आणि चर्चची मशीद झाली. घंटाघर जाऊन मिनार आला. नाव पडलं दफ्तरदार मशीद. हा शब्द आपल्या ओळखीचा! उस्मानी राज्यात दफ्तरदार म्हणजे खजिन्याचा हिशेब सांभाळणारा बडा अधिकारी. पेशवाईतही दफ्तरदार होते, आज ते आडनाव आहे. एकच फारसी शब्द तिकडे क्रीटला पोहोचला, इकडे पुण्याला.

जिंकलेल्या शहरातलं मोठं प्रार्थनास्थळ आपलं करून घेणं ही त्या काळची रीत. आपल्या बाजूच्यांनी केलं म्हणून ते मला गोड वाटत नाही.

पण या मशिदीत नमाज पढणारे सगळे बाहेरून आलेले नव्हते. क्रीटचे बहुतेक मुसलमान त्याच मातीतले, पिढ्यांपूर्वी इस्लाम स्वीकारलेले. घरात बोलायचे ग्रीक. अनेकांना तुर्की धड येतही नसे. १९१३ मध्ये बेट ग्रीसमध्ये सामील झालं. मग १९२३ चा लोझानचा करार आला: ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानात, तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये. कसोटी एकच, धर्म. भाषा कुणी विचारली नाही. त्यामुळे ग्रीक बोलणारे मुसलमान ‘तुर्क’ ठरले आणि तुर्की बोलणारे ख्रिस्ती ‘ग्रीक’. "मराठी इतकी छान कशी बोलता?" हा प्रश्न ज्यांनी ऐकलाय, त्यांना यातली मेख वेगळी सांगायला नको.

नमाजी गेले. मिनारही राहिला नाही. १९५० च्या दशकात इमारतीचा जीर्णोद्धार सुरू झाला, तो तिला व्हेनिसच्या काळचं रूप देण्यासाठी. पडझड थांबली, हे चांगलंच झालं. पण अडीचशे वर्षं ही मशीद होती, हे आता नुसतं पाहून कळत नाही. आत खांबांच्या रांगा आहेत, चित्रांची प्रदर्शनं भरतात. घंटा नाही, अजान नाही.

तिकडे तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर, आयवलिक आणि जुंदा बेटावर, क्रीटहून गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं राहतात. त्यांच्यातली काही म्हातारी माणसं अगदी अलीकडेपर्यंत घरात क्रीटचीच ग्रीक बोलत.