तुटलेली नस आणि एका डॉक्टरांची वाटचाल

जुन्या मोजमापात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या अंतराला आपण ‘हात’ म्हणत असू. सुमारे दीड फूट. कोपर चौकटीवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना? त्या ज्या मज्जातंतूतून, म्हणजे बोलीभाषेत नसेतून, जातात, तिची वाटही या एका हाताचीच.

ही नस तुटली तर काय होते? विजेची तार तुटली की दोन टोके जोडावी आणि दिवा लागावा, तसे इथे होत नाही. १८५० साली वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञाने बेडकाच्या जिभेवर प्रयोग करून दाखवले, की तुटलेल्या जागेपलीकडचे तंतू मरून जातात. अलीकडच्या टोकातून नवे तंतू फुटावे लागतात, आणि ते वाढतात दिवसाला सुमारे एक मिलिमीटर! दीड फूट जायचे तर सव्वा वर्ष झाले. तोवर तळहाताचे स्नायू वाळू लागतात. मधला तुकडाच गेला असेल, तर पायाची कमी गरजेची नस काढून सांधा भरतात किंवा नवे तंतू वाट चुकू नयेत म्हणून बारीक नळी बसवतात. नळी कशाची करावी, हे कोडे आज जैववैद्यकीय अभियंते सोडवीत आहेत.

आपल्या देशात मात्र नसा सुऱ्या-कोयत्याने तुटतात तशाच कुष्ठरोगानेही निकामी होतात. हॅन्सेनने १८७३ साली नॉर्वेत या रोगाचा जंतू शोधला. नवे तंतू ज्या श्वान पेशींच्या आधाराने वाढतात, त्याच पेशींत हा जंतू बिऱ्हाड करतो. कुंपणातच उंदराने बीळ केले, तर पिकाला राखणार कोण?

मुंबईचे डॉ. नोशीर अंतिया यांनी आपले आयुष्य या प्रश्नाला दिले. विलायतेत शल्यविद्या शिकून आल्यावर पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात त्यांनी वाकडी बोटे आणि बसलेली नाके दुरुस्त केली. १९५८ साली जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा टाटा विभाग उभा केला. त्याच साली मुंबईच्या आय. आय. टी.चे वर्ग सुरू झाले. आज तिच्या पवईच्या आवारात जैववैद्यकीय अभियांत्रिकीही शिकवली जाते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड चांगल्या स्नायूची दोरी वळवून लुळ्या बोटांना चालना देत होते. पण बोट वळले तरी त्याला स्पर्श कळेना. चटका कळत नाही, जखम कळत नाही, आणि मग बोट झिजते.

तेव्हा अंतियांनी ओळखले, की आपली सुरी पोचते ती उशिरा. १९७५ साली त्यांनी मुंबईत फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था काढली. तिथे नस आणि जंतू यांच्या नात्याचा अभ्यास झाला. दुसरीकडे अलिबागजवळच्या मांडव्याला त्यांनी गावच्याच बायकांना आरोग्याचे काम शिकवले. डॉक्टरला जे महिन्यांनी दिसते, ते शेजारणीला आधी दिसते, असा त्यामागचा विचार. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ साली ते निवर्तले.

आता तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कशाला? गुरुजी, वर्गातल्या मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तिथे कापसाचा स्पर्श त्याला कळला नाही, तर त्याला चारचौघांत हिणवू नका. पालकांना बोलावून आरोग्य केंद्रात पाठवा. औषधे तिथे मोफत मिळतात, ती सहा महिने किंवा वर्षभर घ्यावी लागतात. नस नुकतीच दुखावली असेल, तर सहा महिन्यांच्या आत उपचार झाल्यास ती पुष्कळदा सावरते. त्यानंतर मात्र मोठ्या शल्यविशारदालाही बोट सरळ करता येईल. त्या बोटाला आईचा हात ओळखायला लावणे त्याच्या हाती राहत नाही.