स्कॉटलंडहून काय आणावे?

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला प्रवास कसा झाला हे लोक मागाहून विचारतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काय आणलंत?" स्कॉटलंडहून परतलो तेव्हा मलाही तो ऐकावा लागला. मी मोठ्या ऐटीने पेटीतून चौकड्यांचा एक गळपट्टा काढला आणि आत्याच्या हाती दिला.

हा गळपट्टा मी शेवटच्या संध्याकाळी, घाईघाईत, एडिंबराच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर घेतला होता. दुकानात आडनावांचा भला मोठा तक्ता टांगलेला. अमुक आडनाव असेल तर अमुक चौकडा. माझे आडनाव त्यात सापडेना, तेव्हा दुकानदाराने तत्परतेने, कोणालाही चालेल असा एक नमुना पुढे केला. "शेकडो वर्षांचा आहे," तो म्हणाला. मी खूश झालो. आत्याने मात्र गळपट्टा उलटा केला, कडेला शिवलेली चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, "अरे, ही लोकर नव्हे. आणि विणलाय तिसऱ्याच देशात. यात स्कॉटलंडचं काय आहे रे?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. पुढे थोडे वाचन केले, आणि ध्यानात आले की स्कॉटलंडच्या लोकांनाही तो प्रश्न दोनअडीचशे वर्षे छळतो आहे. त्याचीच हकीकत आज सांगायची आहे.

प्रथम हा चौकडा घेऊ. त्याला टार्टन म्हणतात. कापड जुने आहे यात शंका नाही. ग्लेन ॲफ्रिक नावाच्या खोऱ्यात दलदलीत पुरलेला एक तुकडा सापडला. तपासणीअंती तो १५०० ते १६०० या काळातला ठरला, आणि २०२३ मध्ये तो लोकांना पाहायला मिळाला. पण प्रत्येक घराण्याचा चौकडा वेगळा आणि तो पूर्वापार ठरलेला, ही समजूत मात्र तितकी जुनी नाही. मार्टिन मार्टिन नावाच्या बेटवासी लेखकाने १७०३ मध्ये पश्चिमेकडील बेटांचे वर्णन छापले. माणसाच्या अंगावरचे कापड पाहून तो कोणत्या भागातला ते ओळखता येते, असे तो सांगतो. कापडावरून गाव कळे, घराणे नव्हे. १७४६ च्या एप्रिलात कलोडनच्या माळावर स्टुअर्ट राजपुत्राच्या बाजूने डोंगरी सैन्य लढले. तेही आपला माणूस ओळखत ते टोपीवरच्या पांढऱ्या फितीवरून.

कलोडनला त्या सैन्याचा धुव्वा उडाला. लंडनच्या सरकारने त्यावर कायदा केला : डोंगरी प्रदेशाचा, म्हणजे हायलंड्सचा, हा पोशाख स्कॉटलंडात पुरुषांनी आणि मुलग्यांनी घालायचा नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. सूट होती ती फक्त सरकारी पलटणीत नोकरी करणाऱ्याला. म्हणजे घरी घातला तर तुरुंग, राजासाठी लढताना घातला तर शाबासकी! अशाच हायलंडर पलटणींपैकी ७४ वी आणि ७८ वी या १८०३ मध्ये आपल्या मराठवाड्यात असईच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढल्या. हा कायदा १७८२ मध्ये उठला. छत्तीस वर्षांत एक अख्खी पिढी गेली होती. जुने नमुने, रंग, ते विणणारे हात यांतले किती उरले असतील याची कल्पना तुम्हीच करा.

मग गंमत सुरू झाली. १८१५ मध्ये लंडनच्या हायलंड सोसायटीने घराण्यांच्या प्रमुखांना पत्रे धाडली, की आपापल्या घराण्याच्या टार्टनचा नमुना पाठवा. आपला नमुना कोणता हेच कित्येकांना ठाऊक नव्हते. त्यांची अडचण बॅनकबर्नच्या विल्सन कंपनीने दूर केली. ही पेढी पलटणींना टार्टन पुरवी. तिच्या १८१९ च्या नमुनावहीत दोनशेहून अधिक चौकडे होते, त्यांतले कित्येक नुसत्या क्रमांकांनी ओळखले जात. ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराने १९८३ मध्ये एका नमुन्याची जन्मकथा सांगितली आहे. तो आधी होता केवळ एक क्रमांक. मग किड नावाच्या गिऱ्हाइकाने वेस्ट इंडीजमधल्या आपल्या गुलामांच्या कपड्यांसाठी तो घाऊक घेतला, म्हणून त्याचे नाव 'किड' पडले. पुढे मॅकफर्सन घराण्याच्या प्रमुखाला नमुना हवा होता, तेव्हा तोच 'मॅकफर्सन' झाला.

१८२२ च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. राज्य करणारा राजा स्कॉटलंडात येण्याला पावणेदोनशे वर्षे होत आली होती. समारंभाची सारी सूत्रे कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटच्या हाती. त्याने सगळ्यांना टार्टन घालून यायला लावले, राजालासुद्धा. राजाच्या त्या डोंगरी पोशाखाचे बिल झाले १३५४ पौंड १८ शिलिंग. ज्या पोशाखासाठी चाळीसएक वर्षांपूर्वी तुरुंग होता, तो आता दरबारी झाला, आणि विल्सनच्या मागांना उसंत मिळेना.

मागणी आली की पुरावा तयार करणारेही येतात. स्वतःला स्टुअर्ट राजघराण्याचे वंशज म्हणवणाऱ्या दोघा भावांनी १८४२ मध्ये 'व्हेस्टियारियम स्कॉटिकम' नावाचा ग्रंथ काढला. हा जुन्या हस्तलिखितावरून घेतला, असे त्यांचे म्हणणे. हस्तलिखित बनावट होते, पण त्यातले बरेच चौकडे आज प्रमाण म्हणून विकले जातात. १८५० मध्ये आणखी एक पुस्तक निघाले, त्याच्या नावातच 'प्रमाणित टार्टन' असे शब्द होते. ते काढले कोणी? मॉकलिन गावच्या स्मिथ बंधूंनी. यांचा धंदा काय, तर प्रवाशांना विकायच्या लाकडी डब्या करण्याचा! तपकिरीच्या डब्या, सुयांच्या डब्या, वर टार्टनचा नमुना नाहीतर एखाद्या प्रेक्षणीय स्थळाचे चित्र. आठवणीच्या वस्तू विकणाराच अस्सलपणाचा दाखला देऊ लागला. त्या डब्यांचा कारखाना १९३३ मध्ये जळाला, आणि आता मॉकलिनच्या त्या डब्याच पुराणवस्तू म्हणून जपल्या जातात.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे टार्टन हे सगळे थोतांडच. मला तसे वाटत नाही. दोनशे वर्षे लोकांनी एखादी गोष्ट लग्नात घातली, प्रेतयात्रेत घातली, लढाईत घालून मेले, की ती खरी होतेच. २००९ पासून तर सरकारी नोंदवहीच आहे. कोणीही नवा चौकडा रचून तीत नोंदवू शकतो. वाईट एवढेच, की खरी हानी कुठे झाली ते या झगमगाटात झाकले गेले.

आपल्या भाषेत 'कूळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक घराणे, दुसरा दुसऱ्याची जमीन कसणारा. हायलंड्समध्ये हे दोन्ही अर्थ एकाच माणसात नांदत होते. प्रमुखाच्या कुळातला माणूस हाच त्याच्या जमिनीचे कूळ. कलोडननंतर प्रमुख जमीनदार झाले, त्यांना खंडापेक्षा मेंढ्या किफायतशीर वाटू लागल्या, आणि खोरीच्या खोरी मोकळी करण्यात आली. सदरलंड परगण्यात स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात १८१४ आणि १८१९ मध्ये माणसांना बाहेर काढून घरांना आगी लावल्या. त्यानंतर तीनच वर्षांनी एडिंबरात राजाची मिरवणूक निघाली. पहिल्या अर्थाचे कूळ कापडावर चढले, दुसऱ्या अर्थाचे कूळ बोटीत बसून कॅनडाला गेले.

म्हणून अस्सल काय हे ठरवताना 'किती जुने?' एवढेच विचारून भागत नाही. 'कोणी केले, कुठे केले आणि त्याला काय मिळाले?' हेही विचारावे लागते. याचे उत्तम उदाहरण हॅरिस ट्वीड.

स्कॉटलंडच्या वायव्येला आउटर हेब्रिडीज नावाची बेटे आहेत. झाडे थोडी, वारा फार, जमीन खडकाळ. तिथल्या बायका घरच्या मेंढ्यांची लोकर कातत, खडकावरच्या दगडफुलासारख्या वनस्पतीने ती तांबूस रंगवत. माग घरातच. विणलेले ओले कापड लांब फळीवर आपटून घट्ट करायचे काम चारचौघी मिळून करत आणि ठेक्यावर गेलिक गाणी म्हणत. आपल्याकडे जात्यावर ओवी, तशी तिथे फळीवर गाणी. १८४६ मध्ये बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला, त्या सुमारास हॅरिसची मालकीण लेडी डनमोर हिने हे कापड आपल्या श्रीमंत स्नेह्यांत खपवायला सुरुवात केली. त्याला नाव झाले. नाव झाल्याबरोबर, बेटाशी संबंध नसलेले कापडही त्याच नावाने विकले जाऊ लागले.

पण बेटांवरची मंडळी स्वस्थ बसली नाहीत. १९०९ मध्ये त्यांच्या हितासाठी संस्था निघाली आणि पृथ्वीगोल व त्यावर क्रूस अशी मुद्रा नोंदवण्यात आली. १९११ पासून कापडावर तिचे ठसे उमटू लागले. आरंभी सूतसुद्धा हाताने कातलेले लागे. १९३४ मध्ये बेटांवरच्याच गिरणीतले सूत चालेल, असे ठरले. मग मुख्य भूमीवरचे कारखानदार म्हणू लागले, आमचे सूत का नको? मामला न्यायालयात गेला, आणि १९६४ मध्ये न्यायमूर्ती लॉर्ड हंटर यांनी निकाल दिला : सूत बेटांवरच कातलेले पाहिजे. पुढे १९९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने खास कायदाच केला. शुद्ध नवी लोकर, बेटांवर रंगवलेली, बेटांवर कातलेली, बेटवासीयाने आपल्या राहत्या घरी हाताने विणलेली आणि बेटांवरच शेवटचा हात फिरवलेली, तरच ते हॅरिस ट्वीड. आजही विणकर घराशेजारच्या छपरीत पायाने माग चालवतो. वीज दिव्यापुरती, मागाला नाही. पाहा, इथे वंशावळी आणि हस्तलिखिते कोणी पुढे केली नाहीत. आमची भाकरी या कापडावर आहे एवढेच ते म्हणाले, आणि ते खरे होते.

आता पेझ्लीच्या शालीची गोष्ट, ही आपल्या घरची. काश्मीरच्या शाली युरोपात जाऊ लागल्या तेव्हा तिकडच्या बायकांना त्यांनी वेड लावले. एकेक शाल विणायला वर्ष-दीड वर्ष लागे, किंमतही तशीच. ग्लासगोजवळच्या पेझ्ली गावच्या विणकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची नक्कल आपल्या मागांवर सुरू केली, पुढे जकार्डचे यंत्र आले आणि शाली आणखी स्वस्त झाल्या. १८७० च्या सुमारास फॅशन पालटली आणि धंदा बसला. पण नक्षीला गावाचे नाव चिकटले ते चिकटलेच. सगळे जग आज जिला 'पेझ्ली' म्हणते ती आपली कोयरी. आपल्या आज्यांची कुंकवाची कोयरी याच घाटाची असे. तिच्या नावात काश्मीरच्या विणकराची खूण कुठेच उरली नाही. पेझ्लीच्या वस्तुसंग्रहालयातल्या शाली जरूर पाहाव्यात, त्या विणकरांचे कसब खोटे नाही. मात्र तिथून 'स्कॉटिश नक्षी' म्हणून छापील कोयरी आणायची, तर मूळ धनी कोण हे मनात असू द्यावे.

बाकीच्या वस्तू थोडक्यात. एडिंबरात हृदयाच्या आकाराची चांदीची एक पिन मिळते. सेंट जाइल्सच्या देवळाजवळच्या जुन्या कुलपी दुकानांवरून तिला लकनबूथ म्हणतात. प्रियकर ती वधूला देई, पुढे ती बाळाच्या अंगड्याला दृष्ट लागू नये म्हणून टोचत. म्हणजे आपली काजळाची तीटच. घ्यायची तर मागची मुद्रा पाहा : तीन बुरुजांचा किल्ला ही एडिंबराची खूण १४८५ पासून चालत आली आहे. बॅगपाइप घ्याल तर कुठला ते विचारा, कारण पाकिस्तानातल्या सियालकोटला तो मोठ्या संख्येने बनतो. आणि व्हिस्की. घ्यावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण कायद्याने ती स्कॉटलंडात, ओकच्या पिंपात, निदान तीन वर्षे मुरलेली असावी लागते. या नावावरून १९९० च्या दशकाच्या आरंभी आपल्या नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याची बाटलीही मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेली होती. बाटलीवरचा 'स्कॉच'चा उल्लेख गिऱ्हाइकाची दिशाभूल करतो, म्हणून न्यायालयाने मनाई केली.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलेच, तर शेवटच्या संध्याकाळची घाई करू नका. दुकानातला तक्ता वाचण्याआधी वस्तूची चिठ्ठी वाचा. कशाचे आहे आणि कुठे केले आहे, ते तीत असते. 'स्कॉटलंडात आखणी' आणि 'स्कॉटलंडात विणाई' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे थोडे असतील तर मोठ्या नकली वस्तूपेक्षा ट्वीडचा हातभर तुकडा बरा. चष्म्याचे घर होईल त्याचे.

दुसऱ्या खेपेला मी तेच केले. ठशाचे एक लहानसे पाकीट आणून आत्याला दिले आणि बेटांची, फळीवरच्या गाण्यांची हकीकत सांगितली. तिने ते उलटसुलट करून पाहिले, चिठ्ठी वाचली, नाकाशी धरले. "लोकरीचा वास येतो हो," ती म्हणाली. "आणि विणणारीचं नाव काय?"

ते मात्र चिठ्ठीवर नव्हते.