कॅथरीनची चित्रे : साक्ष कोणाची?

इतिहासाच्या पाठात एखाद्या राजाचे चित्र आले की आपण 'हा अमुक राजा' असे सांगतो आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळतो. ताम्रपट अस्सल की बनावट, बखर घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली, असे प्रश्न आपण लेखी साधनांना विचारतो. चित्राला मात्र विचारत नाही. रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिची काही चित्रे या दृष्टीने तपासून पाहू. तिने ३४ वर्षे राज्य केले आणि त्या काळात तिची पुष्कळ चित्रे निघाली. ही सारी एकाच व्यक्तीची चित्रे एकमेकांशी जुळत नाहीत. ती का जुळत नाहीत, हे शोधताना बराच इतिहास हाती लागतो.

कॅथरीन मूळची रशियन नव्हती. १७२९ साली स्टेटिन येथे (हे गाव आज पोलंडमध्ये आहे) एका लहानशा जर्मन राजघराण्यात तिचा जन्म झाला. तिचे नाव सोफी. १७४४ साली, १४ वर्षांची असताना, रशियाच्या युवराजाची नियोजित वधू म्हणून तिला तेथे आणण्यात आले. तिने ऑर्थोडॉक्स पंथ आणि येकातेरिना हे नाव स्वीकारले. पुढच्या वर्षी लग्न झाले. पती तिसरा पीटर या नावाने गादीवर आला आणि जेमतेम सहा महिन्यांत, जुन्या रशियन पंचांगानुसार २८ जून १७६२ रोजी, गार्ड पलटणींच्या मदतीने कॅथरीनने त्याला पदच्युत केले. काही दिवसांतच तो कैदेत मरण पावला. मुलगा पॉल तेव्हा सात वर्षांचा होता. त्याला गादीवर बसवावे आणि आईने केवळ कारभार पाहावा, असे मानणारे दरबारी होते. थोडक्यात, सत्ता तिच्या हाती आली होती, पण वारसाहक्क तिच्या बाजूने नव्हता.

ही अडचण लक्षात ठेवून डॅनिश चित्रकार विगिलियस एरिक्सन याचे चित्र पाहू. पांढऱ्या घोड्यावर कॅथरीन बसली आहे. अंगात गार्ड पलटणीचा पुरुषी गणवेश, हातात उपसलेली तलवार. त्या काळच्या उच्चकुलीन स्त्रिया दोन्ही पाय एका बाजूला घेऊन घोड्यावर बसत. कॅथरीन येथे पुरुषासारखी मांड ठोकून बसली आहे. पतीला पकडण्यासाठी ती सैन्याच्या आघाडीवर राहून पीटरहॉफकडे निघाली, तो हा प्रसंग. पुढे हे चित्र पीटरहॉफच्याच राजवाड्यात, सिंहासनाच्या दालनात लावले गेले. जी गोष्ट लपवावी असे आपल्याला वाटेल, तीच तिने भिंतीवर टांगली. 'सैन्याने मला निवडले' हा तिचा दावा होता, आणि चित्र त्या दाव्याचे समर्थन करत होते.

आता वीस वर्षे पुढे जाऊ. द्मित्री लेवित्स्की याने रंगवलेल्या चित्रात तलवारही नाही आणि घोडाही नाही. न्यायदेवतेच्या मंदिरात पांढऱ्या वस्त्रातली कॅथरीन वेदीवर अफूची फुले जाळत आहे. पायाशी कायद्याचे ग्रंथ आणि त्यांवर विसावलेला गरुड. दूर समुद्रात जहाजे. सुदैवाने या चित्राचा अर्थ खुद्द चित्रकारानेच १७८३ साली एका नियतकालिकात समजावून सांगितला. अफूचे फूल म्हणजे झोप, विश्रांती. प्रजेला स्वस्थता लाभावी म्हणून सम्राज्ञी आपली स्वस्थता अर्पण करते आहे! चित्राचा काळ ठरवण्याचा एक धागाही त्यातच आहे. तिच्या अंगावर संत व्लादिमीर यांच्या नावाचे मानचिन्ह दिसते. ते चिन्ह १७८२ साली सुरू झाले. म्हणजे चित्र त्याआधीचे असू शकत नाही. नाण्यावरील नावावरून थराचा काळ ठरवणारा पुरातत्त्वज्ञ याच पद्धतीने विचार करतो.

पण चित्रातील कायदेकर्ती कितपत खरी? १७६७ साली कॅथरीनने नवी कायदेसंहिता तयार करण्यासाठी पाचशेहून अधिक प्रतिनिधींचा आयोग बोलावला. त्याच्यासाठी तिने स्वतः मार्गदर्शक तत्त्वे लिहिली. त्यांतील कितीतरी विचार माँटेस्क्यू आणि बेकारिया या युरोपीय विचारवंतांकडून घेतलेले होते. आरोपीचा छळ करून कबुली घेण्याला त्यांत विरोध होता. मात्र जमीनदारांच्या मालकीच्या भूदासांना या आयोगात एकही प्रतिनिधी नव्हता. भूदासांनी मालकाविरुद्ध सम्राज्ञीकडे तक्रार करू नये, असा हुकूम त्याच वर्षी निघाला. तुर्कस्तानशी युद्ध सुरू होताच आयोगाचे काम थांबले आणि संहिता तयार झालीच नाही. १७७३ साली पुगाचोव्हच्या नेतृत्वाखाली कोसॅक आणि शेतकऱ्यांनी मोठे बंड केले. ते मोडून काढून १७७५ साली त्याला मॉस्कोत ठार मारण्यात आले. लेवित्स्कीचे चित्र यानंतरचे आहे. मंदिर, वेदी, ग्रंथ, गरुड, सारे काही त्यात आहे. भूदास मात्र कोठेच नाही. चित्रात काय नाही, हाही पुरावाच असतो.

म्हणून दरबारी प्रतिमा म्हणजे निव्वळ खोटेपणा, असे म्हणून मोकळे होता येणार नाही. १७६८ साली कॅथरीनने थॉमस डिम्सडेल या इंग्रज वैद्याकडून स्वतःला देवी टोचून घेतल्या. जेनरची गाईच्या देवीची पद्धत १७९६ सालची. त्याआधी माणसाच्याच फोडातील द्रव टोचत असत आणि त्यात जिवाला धोका होता. तिच्यापूर्वीच्या दुसऱ्या पीटरचा १७३० साली देवीनेच बळी घेतला होता. टोचणीच्या स्मरणार्थ जे पदक काढले, त्यावर 'तिने स्वतः उदाहरण घालून दिले' या अर्थाचे शब्द आहेत. हा प्रचारच होता. पण त्यामागची कृती खरी होती.

रशियाबाहेरची चित्रे वेगळेच सांगतात. १७९१ साली ब्रिटन व रशिया यांच्यात युद्धाचे वातावरण असताना लंडनमध्ये एक व्यंगचित्र विकले जात होते. अवाढव्य कॅथरीन एक पाय रशियात आणि दुसरा कॉन्स्टँटिनोपलवर ठेवून ढांग टाकते आहे. खालून युरोपचे राजे आणि पोप वर पाहत अचकट-विचकट शेरे मारत आहेत. तिच्या राज्यविस्ताराची भीती खरी होती. क्रिमिया तिने १७८३ सालीच घेतला होता. पण तिच्या परराष्ट्र धोरणावर टीका करताना चित्रकाराने तिच्या स्त्री असण्याची टिंगल केली. दरबारी चित्रातून जसा आश्रयदाता दिसतो, तसा व्यंगचित्रातून ते विकत घेणारा दिसतो.

शेवटचे चित्र १७९४ सालचे, बोरोविकोव्स्की याचे. पासष्ट वर्षांची कॅथरीन निळसर कोट घालून, हातात काठी घेऊन बागेत फिरते आहे. जवळ कुत्रा आहे. ना मुकुट, ना पदके. साधीशी आजीच! मात्र मागे तलावात एक स्तंभ उभा आहे. तो १७७० साली तुर्की आरमाराचा धुव्वा उडवल्याचे स्मारक आहे. आणखी गंमत अशी की चित्रकारासमोर सम्राज्ञी बसलीच नाही, तिचे कपडे घालून तिची सेविका उभी राहिली, असे सांगितले जाते. साधेपणाही मांडून दाखवावा लागतो, तो असा! चारच वर्षांपूर्वी, १७९० साली, भूदासांच्या हालांविषयी पुस्तक लिहिणाऱ्या रादिश्चेव्हला प्रथम देहदंड आणि नंतर सैबेरियात हद्दपारी सुनावली गेली होती. ती बागेतल्या आजीच्याच राज्यात.

मग खरी कॅथरीन कोणती? केवळ चित्रे पाहून याचे उत्तर मिळणार नाही. पण प्रत्येक चित्र कोणी काढवले, कोणत्या वर्षी, कोणाला दाखवण्यासाठी आणि त्यातून काय वगळले, हे चार प्रश्न विचारून मिळालेली उत्तरे हुकूम, पत्रे आणि पुस्तके यांच्याशी ताडून पाहिली, तर प्रत्येक चित्राची साक्ष कोठपर्यंत धरायची हे ठरवता येते. पुढच्या तासाला आपल्याच पाठ्यपुस्तकातील एखादे चित्र विद्यार्थ्यांसमोर ठेवावे आणि हे चार प्रश्न त्यांच्याकडून विचारून घ्यावेत. एखाद्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही. ते कोठे शोधावे लागेल, याची चर्चा वर्गात झाली तर तो तास सत्कारणी लागला असे समजावे.