घाटातली वाट आणि बर्फाचा उतार

मराठवाड्यातल्या जळकोटच्या माणसाने आभाळातून पडलेला बर्फ पाहिला तो गारांच्या रूपात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने मराठवाड्यातली रब्बीची पिकं आडवी केली, तेव्हा शेतं काही काळ पांढरी झाली होती. त्यापलीकडे बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर. कापसासारखा अलगद पडणारा आणि लादीसारखा कडक, दोन्हींना रोजच्या बोलण्यात शब्द एकच. मात्र स्कीइंग आणि स्नोबोर्डिंग हे दोन खेळ समजून घ्यायचे तर हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो. मऊ, खोल हिमात रुंद फळी तरंगते. कडक बर्फावर स्कीची धारदार कड घट्ट पकडते.

स्की हा मूळचा खेळ नव्हे, ते चालण्याचं साधन. जुन्या नॉर्स भाषेत या शब्दाचा अर्थच चिरलेलं लाकूड. उत्तर युरोपातले शिकारी हजारो वर्षं पायाला लांब फळ्या बांधून हिमातून वाट काढत. १८८८ साली नॉर्वेचा शोधप्रवासी फ्रिट्यॉफ नान्सेन याने अशाच फळ्यांवर ग्रीनलंड ओलांडलं. उतारावरच्या शर्यतींची गोष्ट मात्र भारताशी जोडलेली आहे. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मोंटाना इथे उतारावरची शर्यत झाली. तिचा चषक दिला होता लॉर्ड रॉबर्ट्स यांनी. ते जन्माने कानपूरचे आणि एके काळी हिंदुस्थानातल्या फौजेचे सरसेनापती. काठ्यांमधून नागमोडी उतरण्याच्या स्लॅलमला आजचं रूप देणारे अर्नोल्ड लन १८८८ मध्ये मद्रासला जन्मले. वडील तिथे मिशनरी होते. लन यांनी १९२२ मध्ये म्यूरेन इथे स्लॅलमची शर्यत भरवली आणि १९३६ मध्ये उतारावरचं स्कीइंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये आलं.

स्नोबोर्ड त्या मानाने कालचं पोर. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी मुलींना खेळायला दोन स्की एकमेकींना जोडून दिल्या. त्या खेळण्याचं नाव पडलं ‘स्नर्फर’. पुढे जेक बर्टन यांनी १९७७ मध्ये व्हरमाँटमध्ये अशा फळ्या बनवायचा कारखाना काढला. पण स्कीच्या मैदानांनी या पोराला दारातच अडवलं. १९८३ मध्ये व्हरमाँटच्याच स्ट्रॅटन डोंगराने वाट मोकळी केली. १९९८ मध्ये जपानमधल्या नागानोला हा खेळ ऑलिंपिकमध्ये शिरला. तरीही अमेरिकेतल्या आल्टा, डिअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या ठिकाणी स्नोबोर्डला आजही बंदी आहे.

भांडणाचं एक कारण शरीराच्या ठेवणीत आहे. स्कीवाल्याचे दोन पाय वेगळे, तोंड पुढे, हातात काठ्या. स्नोबोर्डवाल्याचे दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले आणि अंग आडवं, त्यामुळे पाठीकडची बाजू त्याला दिसत नाही. वळण्याची लय निराळी, म्हणून एकमेकांचा अंदाज चुकतो. दुखापतीही वेगळ्या. पडताना स्की लांब तरफेसारखी गुडघा पिळते. म्हणून जोर येताच बूट सुटेल अशी तिची पकड बनवलेली असते. स्नोबोर्डची पकड सुटत नाही. नवखा हात टेकून पडतो आणि मनगट मोडून घेतो. त्याला मनगटाचं संरक्षक कवच हवं. हेल्मेट दोघांनाही.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ मध्ये बैरूतच्या अधिवेशनात उतारावर वागण्याचे नियम मंजूर केले. आज त्यांची संख्या दहा आहे आणि ते स्नोबोर्डवाल्यांनाही लागू होतात. त्यांचा गाभा एकच: मागून, वरून येणाऱ्याने पुढच्याला जपायचं, कारण त्याला पुढचा दिसतो, पुढच्याला तो दिसत नाही. अरुंद जागी किंवा वळणाआड थांबायचं नाही. पुन्हा निघताना आधी वर पाहायचं. पायी चढणाऱ्याने कडेने चालायचं. अपघात पाहिला तर मदत करायची आणि आपली ओळख सांगायची.

मराठी माणसाला हे परकं नाही. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे आपल्याकडे रस्त्याच्या नियमांतही लिहिलेलं आहे. तिथेही ओझं उतरणाऱ्यावर.

भारतात गुलमर्गला १९२७ मध्ये स्की क्लब सुरू झाला. १९४८ च्या डिसेंबरमध्ये लष्करी अधिकारी थिमय्या यांनी तिथेच लष्कराची स्की शाळा काढली; तीच आजची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ हिमकडा कोसळला आणि या शाळेत प्रशिक्षण घेणारे १७ जवान गेले. पट्टीचे, तयारीचे जवान होते ते. गुलमर्गचा गंडोला, म्हणजे रज्जुमार्ग, १९९८ मध्ये सुरू झाला आणि २००५ मध्ये त्याचा दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर जाऊन पोचला, तेव्हापासून हौशी लोकही त्या उंचीवर जाऊ लागले आहेत. आखलेल्या उताराबाहेर पाऊल टाकणाऱ्याकडे हिमाखालच्या माणसाचा संकेत पकडणारं यंत्र, फावडं आणि टोचणी सळई हवीच, आणि तीही सोबतच्या प्रत्येकाकडे; गाडलेल्या माणसाला स्वतःचं फावडं उपयोगी पडत नाही.

लातूर-नांदेडहून पहिल्यांदा जाणारा मात्र खालच्या गवताळ पठारावरच सुरुवात करतो. हाती स्की असेल तर पहिला धडा उतरण्याचा नसतोच. स्कींची टोकं जवळ आणायची, टाचांकडची बाजू फाकवायची आणि थांबायचं. स्नोबोर्ड असेल तर फळी उताराला आडवी करून टाचांवर भार द्यायचा. थांबणं अंगात मुरलं की मगच शिक्षक त्याला आणखी चार पावलं वर नेतो.