दासोपंत
(१५५१–१६१५). दत्तसंप्रदायी संतकवी व पदरचनाकार. पूर्ण नाव दासो दिगंबर देशपांडे. जन्म बीदर परिसरातील नारायणपेठ येथे, देशपांडेपण असलेल्या घराण्यात. वडील दिगंबरपंत, आई पार्वतीबाई. वडिलांना वसूल भरता न आल्याने बीदरच्या बादशहाने लहानग्या दासोपंतांना ओलीस ठेवले आणि दत्तात्रेयांनी पाडेवाराच्या (गावच्या सेवकाच्या) रूपात येऊन ती रक्कम चुकती केली, अशी आख्यायिका आहे. पुढे गृहत्याग करून त्यांनी दत्तोपासना केली व अखेर आंबेजोगाई (जि. बीड) येथे स्थायिक झाले.

गीतार्णव ही त्यांची गीतेवरील प्रचंड टीका. तिची ओवीसंख्या सव्वा लाख असल्याचे परंपरा मानते. पंचीकरणाचा (पंचमहाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी कशी घडते याचा) विषय त्यांनी सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर आकृत्यांसह लिहिला. तीच प्रसिद्ध ‘पासोडी’. पदार्णव हा त्यांच्या गेय पदांचा संग्रह. त्यांपैकी थोडीच पदे उपलब्ध आहेत. दत्तभक्ती, विरह व आत्मबोध हे या पदांचे विषय असून ‘दिगंबरानुचर’ ही कवीची नाममुद्रा आहे. मराठीखेरीज इतर भाषांतही त्यांनी पदे रचली. आंबेजोगाईतील थोरले व धाकटे देवघर ही त्यांच्या परंपरेची स्थाने होत.