बायकांनी बायकांसाठी वसवलेलं गाव

मागच्या महिन्याची आमच्या गटाची बैठक. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, बायका उठायला लागल्या. तेवढ्यात एक ताई म्हणाली, "बचत माझ्या नावावर आहे, पण घराच्या एकाही कागदावर माझं नाव नाही. उद्या भावानं नको म्हटलं तर मी जायचं कुठं?" नवऱ्यानं सोडल्याला तिला बारा वर्षं झाली. आम्ही सगळ्या पुन्हा खाली बसलो, पण उत्तर कुणालाच सुचलं नाही.

हाच प्रश्न आठशे वर्षांपूर्वी फार लांबच्या एका मुलखातल्या बायकांना पडला होता. त्यांनी त्याचं उत्तर कसं शोधलं, ते आज सांगते.

युरोपात बेल्जियम नावाचा छोटा देश आहे. त्याच्या उत्तरेकडच्या भागाला फ्लँडर्स म्हणतात. तिथल्या ब्रुज शहरात कालव्यावरचा तीन कमानींचा दगडी पूल ओलांडला की एक मोठा दरवाजा लागतो. आत गेलं की मधोमध हिरवं मैदान, उंच झाडं आणि भोवतीनं पांढरी घरं. थंडी सरली की झाडांखाली पिवळी डॅफोडिलची फुलं फुलतात. ही वस्ती १२४५ साली स्थापन झाली. आपल्याकडे ज्ञानेश्वरी लिहिली गेली, त्याच्याही पंचेचाळीस वर्षं आधी. अशा वस्तीला तिथं बेगाइनहोफ म्हणतात आणि तिथं राहणाऱ्या बायकांना बेगाइन.

त्या काळी तिथल्या बाईपुढं दोनच वाटा असत. लग्न करायचं, नाहीतर मठात जाऊन जोगीण व्हायचं. मठात गेलं की जन्मभराचं व्रत, आणि मठात घ्यायलाही बऱ्याचदा पैसा द्यावा लागे. मग विधवेनं काय करायचं? लग्न न झालेल्या गरीब मुलीनं कुठं जायचं? फ्लँडर्सच्या शहरांत तेव्हा लोकरीच्या कापडाचा मोठा धंदा होता. इंग्लंडहून लोकर यायची आणि कामाला हात लागायचे. कामासाठी शहरात आलेल्या अशा एकट्या बायका हळूहळू एकत्र राहू लागल्या. पुढं फ्लँडर्सच्या राज्यकर्त्या दोघी बहिणी, योहाना आणि मार्गारेटा, यांनी त्यांना आधार दिला. भिंतीआड घरं, चर्च, दवाखाना असं छोटं गावच उभं राहिलं.

तिथले नियम ऐकण्यासारखे आहेत. बेगाइन साधेपणानं राहायची, प्रार्थना करायची, ब्रह्मचर्य पाळायची. पण जन्मभराची शपथ नव्हती. लग्न करावंसं वाटलं तर ती वस्ती सोडून जाऊ शकत होती. तिची मालमत्ता तिचीच राहायची. पोट मात्र स्वतःच्या कामावर भरायचं. लोकर पिंजणं, सूत कातणं, कपडे धुणं, आजाऱ्यांची सेवा, मुलींना शिकवणं आणि पुढच्या काळात लेस विणणं. वस्तीचा कारभार त्यांच्यातलीच एक वडीलधारी बाई बघायची.

सगळं गोडच होतं असं नाही. पैसेवालीला स्वतंत्र घर मिळायचं, गरीब बायका एका घरात दाटीवाटीनं राहायच्या. रात्री दरवाजा बंद व्हायचा आणि बाहेर जायला परवानगी लागायची. काही शहरांत विणकरांच्या संघांनी त्यांच्या कामावर बंधनं आणली, कारण बायकांचं स्वस्त काम त्यांना खुपत होतं. आणि ना नवऱ्याच्या ना मठाच्या ताब्यात असलेल्या बायकांवर धर्माधिकाऱ्यांचा संशय होताच. १३१० साली पॅरिसमध्ये मार्गरीत पोरेत नावाच्या बेगाइनला तिनं लिहिलेल्या पुस्तकापायी जिवंत जाळलं. ते पुस्तक मागं घ्यायला ती तयार नव्हती. त्यानंतर एकदोन वर्षांतच व्हिएन इथं भरलेल्या धर्मसभेनं बेगाइनांच्या राहणीवरच ठपका ठेवला. पुष्कळ ठिकाणच्या वस्त्या मोडल्या. फ्लँडर्समधल्या मात्र टिकल्या, कारण त्यांना राज्यकर्त्यांचा पाठिंबा होता आणि या बायका किती कामाच्या आहेत हे शहरांना माहीत होतं.

ही रीत जवळजवळ आपल्या काळापर्यंत चालली. मार्सेला पॅटिन ही शेवटची बेगाइन. तिला दिसत नसे, म्हणून मठांनी तिला घेतलं नव्हतं. बेगाइनांनी १९४१ साली तिला आपल्यात घेतलं. कोर्ट्राइक शहरात २०१३ साली, वयाच्या ९२ व्या वर्षी ती वारली.

१९९८ साली युनेस्कोनं फ्लँडर्समधल्या अशा १३ वस्त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. लूवेन शहरातली मोठी वस्ती विद्यापीठानं दुरुस्त करून घेतली, तिथं आता विद्यार्थी आणि प्राध्यापक राहतात. ब्रुजच्या वस्तीत आज जोगिणी आणि एकट्या राहणाऱ्या बायका आहेत. एक जुनं घर पाहुण्यांना बघायला ठेवलं आहे. संध्याकाळी तो मोठा दरवाजा आजही बंद होतो.

आपल्यातल्या कितीजणी तिथं जातील कुणास ठाऊक! पण त्या बायकांची एक गोष्ट इथं बसूनही घेण्यासारखी आहे. बाईला कमाई लागते, तसंच हक्काचं छप्परही लागतं, आणि एकटीला जे मिळत नाही ते दहाजणींनी मिळून मिळवता येतं, हे त्यांना कळलं होतं.

म्हणून आम्ही ठरवलंय. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं ग्रामपंचायतीतून आपल्या घराचा नमुना ८ चा उतारा आणायचा आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते मोठ्यानं वाचायचं. जिचं नाव नाही, तिच्यासोबत अर्ज घेऊन आणखी चौघींनी ग्रामपंचायतीत जायचं. त्या ताईच्या प्रश्नापासूनच सुरुवात करणार आहोत. तुमच्या गटातही उतारे काढून बघा, मैत्रिणींनो.