चित्रनलिकेतील दोन पत्र्यांची स्प्रिंग : शहापूर-मुरबाडच्या निमित्ताने एक टिपण

शहापूरच्या बाजारात एका भंगार विक्रेत्याकडे काही काळापूर्वी एक मोडलेली रंगीत चित्रनलिका पाहावयास मिळाली. काच वेगळी काढलेली होती. पोलादी चौकट व तिच्यावर बसविलेली अतिसूक्ष्म छिद्रांची जाळी वजनकाट्याशेजारी पडली होती. चौकटीच्या बाजूंस बोटभर लांबीच्या चपट्या स्प्रिंगा होत्या आणि त्यांतील प्रत्येक स्प्रिंग एका पत्र्याची नसून दोन पत्र्यांची होती. आपल्याकडील दूरचित्रवाणीचा इतिहास लिहिताना मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आले, एवढे सांगितले की प्रकरण संपते. या दोन पत्र्यांनाही इतिहास आहे, आणि त्यांचे एक पूर्वरूप याच तालुक्यातून शंभराहून अधिक वर्षे धावत होते.

कल्याणहून वासिंदपर्यंत लोहमार्ग १८५५ मध्ये झाला, कसाऱ्यापर्यंत १८६१ मध्ये, आणि थळ घाट चढून तो इगतपुरीस १८६५ मध्ये पोहोचला. घाटातील चढ ३७ फुटांस १ फूट आहे. या मार्गावरील जुन्या डब्यांचा भार एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांवर असे. टांग्याचे व मालमोटारीचे पाटे त्याच कुळातले. एका जाड पट्टीऐवजी अनेक पातळ पाटे घेतल्याने स्प्रिंग लवचीक राहूनही मोठा भार पेलते, हे सर्वांस ठाऊक आहे. दुसऱ्या गुणाकडे मात्र दुर्लक्ष होते. गाडी हिंदकळते तेव्हा पाटा पाट्यावर घासतो आणि हेलकाव्याची शक्ती त्या घर्षणात खर्ची पडते. पाटे फार तेलकट झाले की गाडी अधिक झुलते, ती याच कारणाने.

आता चित्रनलिकेकडे वळू. अमेरिकेतील आर.सी.ए. कंपनीने छायाजाळीची रंगीत नलिका १९५० मध्ये दाखविली व १९५४ मध्ये तिचे उत्पादन सुरू केले. जाळीचा पत्रा सुमारे ०.१५ मिलीमीटर जाडीचा. इलेक्ट्रॉनांचा जेमतेम पाचवा हिस्सा छिद्रांतून पडद्यावर जातो. उरलेला जाळीवर आदळून तिला तापवितो. तापलेली जाळी प्रसरण पावते, छिद्रे सरकतात आणि तांबड्याच्या जागी हिरवा ठिपका उजळतो. यावर १९६० नंतरच्या दशकात उपाय निघाला तो द्विधातू पट्टीचा. भिन्न प्रसरणाचे दोन धातू संपूर्ण पृष्ठभागावर एकजीव केलेली ही पट्टी उष्णतेने वाकते आणि चौकटीस पडद्याकडे किंचित ढकलून चूक भरून काढते.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. द्विधातू पट्टीही दुपदरी आणि गाडीचे पाटेही पदरी, म्हणून दोन्ही एकच समजणे चूक होय. एकजीव झालेले पदर एकमेकांवर घासत नाहीत; म्हणून अशी पट्टी उष्णतेवर मात करते, पण कंपापुढे जवळजवळ निरुपाय ठरते. संचातील ध्वनिवर्धकाचा खर्ज लागला की जाळी थरथरते व रंग मिसळतात. बाहेरच्या यंत्रात अशा जागी रबर, नमदा किंवा तेल वापरता आले असते. नलिकेत निर्वात असल्याने हवेचा विरोध मुळीच नाही, आणि रबर वा तेल यांतून सुटणारा वायू ऋणाग्राचा घात करतो. म्हणजे जे करावयाचे ते कोरड्या धातूनेच. शिवाय तीन रंगांचे ठिपके त्याच जाळीतून प्रकाश पाडून छापावयाचे असल्यामुळे जाळी कारखान्यात पुनःपुन्हा काढून अचूक त्याच जागी बसवावी लागे. स्प्रिंग सहज सुटली पाहिजे, पण जागा विसरता कामा नये! अशा अडचणीत एक जुना मार्ग उपयोगी पडतो : दुसरा पत्रा केवळ एका टोकास डागावा व बाकीचा मोकळा सोडावा. तो पहिल्यावर घासतो आणि कंप विरतो. कसाऱ्याच्या डब्याखालचे तत्त्व ते हेच. सोनी कंपनीच्या १९६८ च्या ट्रिनिट्रॉन नलिकेत जाळीऐवजी उभ्या ताणलेल्या पट्ट्या होत्या. त्यांचा कंप आवरण्यास आडवी तार लावावी लागली आणि तिची पुसट सावली पडद्यावर कायम दिसत राहिली. आमच्या मते तो उपाय कमी सुबक होय.

या विद्येचा शेवटचा प्रवास महाराष्ट्राशी निगडित आहे. आर.सी.ए. १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिककडे गेली, तिचा दूरचित्रवाणीचा व्यवसाय पुढील वर्षी फ्रान्सच्या थॉमसनने घेण्याचे ठरविले, आणि थॉमसनचे पोलंड, इटली इत्यादी देशांतील चित्रनलिकांचे कारखाने २००५ मध्ये औरंगाबादेत वाढलेल्या व्हिडिओकॉनने विकत घेतले. मुंबईहून त्या शहरास जाणारे दोन रस्ते आहेत : एक शहापूरवरून कसारा घाटाने, दुसरा मुरबाडवरून माळशेज घाटाने. ज्या परंपरेत छायाजाळी जन्मली तिचा मोठा अवशेष अशा रीतीने मराठवाड्यातील एका उद्योगाच्या हाती आला. परंतु तोवर सपाट पडद्यांनी बाजार व्यापावयास आरंभ केला होता, आणि २०१८ मध्ये तो उद्योगच दिवाळखोरीच्या कारवाईत सापडला.

शहापूरच्या दुकानातील ती चौकट आम्ही मागितली. विक्रेत्याने ती लोखंडाच्या भावाने तोलून दिली व स्प्रिंगा निराळ्या काढून देऊ काय, असे विचारले. त्या चौकटीसह राहू द्याव्यात, असे आम्ही सांगितले. त्यांतील एकीचा वरचा पत्रा एका टोकास डागलेला असून दुसरे टोक नखाने उचलता येते.